तिसऱ्या माळ्यावरचे ओठ

गिरणीमालक, दार बाहेरून लावायला सांगितलंत ते तुम्हीच. आत माणसं आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरीही तुम्ही म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात सुखानं मेलात. तुमचं नाव आज कुणाला आठवत नाही. डॉर्कसचं आठवतं.

फार वर्षांपूर्वी, आपल्या वऱ्हाडातला कापूस बोटीतून विलायतेला जायचा तेव्हाची ही गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला, डोंगरांच्या बेचक्यात ऑकनशॉ नावाचं गिरणगाव होतं. तिथं पाऊससुद्धा काळा पडायचा, असं म्हणतात. गिरणीत तीनशे माग एकदम धडधडायचे. त्या आवाजात शेजारणीची हाकही ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलायच्या. एकीनं ओठ मोठे मोठे हलवायचे आणि दुसरीनं ते वाचायचे. मुकादम शेजारी उभा असताना त्याच्याच नाकाची चेष्टा चालायची, आणि तो बिचारा, आज बायका किती शांत आहेत, म्हणून खूश व्हायचा.

डॉर्कस यात सगळ्यांत तरबेज. तीस वर्षं मागावर काढून तिचे कान पार गेले होते, पण कालव्याच्या पलीकडून बोलणाऱ्याचे ओठ ती वाचायची. बहिरी झाली म्हणून गिरणीनं तिला काढून टाकलं, आणि तिच्या मागावर तिची भाची नेल उभी राहिली. आईवेगळ्या नेलला डॉर्कसनंच वाढवलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी चारला गिरणी पेटली. डॉर्कस कालव्यावर कपडे धूत होती. तिनं मान वर केली, तर तिसऱ्या माळ्याच्या खिडकीत गजांमागं अकरा पोरी, आणि पोरींमागं धूर. काठावरच्या लोकांना नुसत्या किंकाळ्या ऐकू आल्या. डॉर्कसला शब्द दिसले. नेल म्हणत होती, "मावशी, दार बाहेरून लावलंय." तीनदा म्हणाली. मग खिडकीत धूरच राहिला.

चौकशी भरली ती गावातल्या गुत्त्याच्या माडीवर. तिकडे तशीच पद्धत होती. गिरणीवाले म्हणाले, दार उघडंच होतं. पोरींनीच थट्टामस्करीत दिवा पाडला आणि घाबरून दार चुकल्या. अकरा जणींच्या आया माना खाली घालून बसल्या. आपल्याच पोरींनी गिरणी जाळली, हा डाग घेऊन त्यांना जगायचं होतं. तेव्हा डॉर्कस उठली.

"बहिऱ्या बाईनं काय ऐकलं म्हणे?" अधिकारी हसला.

"ऐकलं नाही, साहेब. वाचलं."

अधिकाऱ्यानं तिची परीक्षा घ्यायची ठरवली. त्यानं आपल्या कारकुनाला रस्त्यापलीकडच्या रिकाम्या घरात पाठवलं. कारकून बंद काचेमागं उभा राहून काहीतरी पुटपुटला. डॉर्कस म्हणाली, "हा म्हणतोय, साहेबांच्या मिशीला सकाळचं अंडं लागलंय, पण सांगायचं कुणी?"

माडी हसली. साहेबानं मिशी पुसली. कारकून लाल होऊन परत आला आणि आपल्या जागी बसला.

डॉर्कस मात्र खिडकीबाहेर बघतच राहिली. आणि बोलत राहिली.

"सेलिना म्हणतेय, आई, माझी निळी शाल धाकटीला दे. मार्था म्हणतेय, बाबा, मी तुमच्यावर रुसले नव्हते."

लोक उठून खिडकीशी गेले. समोरच्या घरात कुणी नव्हतं. त्या घराच्या छपरापलीकडे जळालेली गिरणी दिसत होती. तिसरा माळा तर उरलाच नव्हता. नुसती एक भिंत, आणि भिंतीत रिकामी खिडकी. डॉर्कस तिकडे बघून एकेकीचं सांगत गेली. घरातल्या घरातच ठाऊक असलेल्या गोष्टी होत्या त्या. ऐकून आयांनी तोंडाला एप्रन लावले. शेवटी नेलची पाळी आली.

"नेल म्हणतेय, किल्ली पहारेकऱ्याच्या शेगडीत आहे. राखेत."

कोपऱ्यात बसलेला गिरणीचा पहारेकरी उठला आणि जिन्याकडे पळाला. पण जिन्यावर बायका उभ्या होत्या. लोकांनी त्याच्या चौकीतली शेगडी उपसली, आणि किल्ली निघाली. राख थंडगार होती, तरी किल्लीनं हाताला चटका दिला, असं म्हणतात.

कागदावर 'अपघात' असंच लिहिलं गेलं. कागद लिहिणारे तेव्हाही गिरणीवाल्यांचेच होते. पण त्या संध्याकाळी अकरा आया ताठ मानेनं घरी गेल्या.

पुढे डॉर्कस रोज चारला भिंतीखाली उभी राहायची आणि वरचे निरोप घरोघर पोचवायची. एका हिवाळ्यात ती आली नाही. लोक तिच्या घरी गेले, तर चूल गार आणि दार सताड उघडं. त्या दिवशी खिडकीत बारा चेहरे दिसले, असं म्हणतात.

आज तिथं मोटारी उभ्या करायचं आवार आहे. साधी पाटीसुद्धा नाही. ती भिंत पाडायला मात्र एकही मजूर तयार होत नाही. आत माणूस असताना ऑकनशॉत अजूनही कुणी दार बाहेरून लावत नाही. आणि दर नोव्हेंबरात, त्या गुरुवारी चारला, गाव भिंतीसमोर जमतं. भाषण नाही, प्रार्थना नाही. सगळे वर बघतात आणि आवाज न काढता ओठ हलवतात. घरची खबर सांगतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखतोय.

गेल्या वर्षी त्या गर्दीत गावात नवीन आलेली एक नर्स उभी होती. थंडीमुळं तिनं तोंडावरून मफलर गुंडाळला होता. शेजारी मासे-बटाटे तळून विकणारी म्हातारी मॉरीन होती. तिनं एका बोटानं तो मफलर खाली ओढला.

"तोंड उघडं ठेव गं पोरी," ती म्हणाली, "नाहीतर त्यांना कसं कळणार?"