टुणकीने टिपलेला सूर

माकडांनाही कॅमेरे मिळू लागले होते, त्या काळची ही गोष्ट. टुणकी माकडिणीला मामाने डीएसएलआर आणून दिला आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत ती दिवसभर खटाखट फोटो काढत सुटली. पण बघावं तर काय, एकूण एक फोटो हललेला!

"माकडाच्या हाती कोलीत परवडलं, पण कॅमेरा नको!" पोपट खिदळले.

इतक्यात खंड्या पक्ष्याची आई घाईघाईने आली. "टुणके, माझं पोर आत्ता पहिला सूर मारणार गं. तेवढा टिपशील?"

पहिला सूर काही पुन्हा मारता येत नाही. टुणकी तळ्यावरच्या वाकड्या फांदीकडे धावली. तिथे बगळा बसला होता.

"बगळेकाका, फोटो हलतो हो!"

"फोटो नाही, तू हलतेस," मानही न वळवता बगळा म्हणाला. "बस इथे."

टुणकीने शेपटीचे दोन वेढे फांदीला दिले आणि श्वास रोखला. नाकावर माशी बसली, तरी ती जागची हलली नाही. पिल्लू सुटलं. खटाक!

फोटोत पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजता येत होता. "आता आमचा काढ!" म्हणत पोपट ओळीने ताठ बसले.

"ताठ कशाला बसता?" टुणकी हसली. "खुशाल उडा. मी हलत नाही."