शिकार कोणी केली?

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक सिंह राहत असे. त्याच्या कुटुंबात दोन सिंहिणी होत्या, थोरली आणि धाकटी, आणि तीन बछडे होते. शिकार सिंहिणी करीत आणि पहिला घास सिंह खाई. पोट भरले की तो खडकावर बसून सांगे, "आज मी काय सांबर लोळवलं!" कोल्हा मान डोलवी. मुलांनो, ही पद्धत फार जुनी होती आणि तिच्यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नव्हते. सिंहिणींनासुद्धा नाही.

एके दिवशी कोल्ह्याने काडी टाकली. "महाराज, पलीकडच्या रानात सगळे हसतात. म्हणतात, हा राजा बायकांच्या जिवावर जेवतो." झाले! सिंहाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो गुरगुरला, "उद्यापासून सिंहिणींनी गुहेबाहेर पाऊल टाकायचं नाही. शिकार हे मर्दाचं काम. बाईच्या जातीला त्यातलं काय कळतं?"

"अहो, पण पिल्लं उपाशी राहतील," थोरली म्हणाली.

"तू पिल्लं सांभाळ म्हणजे झालं."

माणसांत चूल आणि मूल म्हणतात. सिंहांकडे चूल नसते, म्हणून सिंहिणींच्या वाट्याला नुसते मूल आले.

आणि मग काय गंमत झाली म्हणता! सिंह ऐटीत कुरणात उतरला आणि वाळक्या गवतात दबा धरून बसला. पण एवढी मोठी आयाळ लपणार कुठे? ती झुडपासारखी वर दिसत होती. चितळांनी लांबूनच धूम ठोकली. दुसऱ्या दिवशी तर रानडुक्करच सिंहाच्या मागे लागले. तो रोज उपाशी परते आणि सांगे, "आज वारा उलटा होता." इकडे सर्वांत लहान बछडी भुकेने मानही उचलेना. थोरलीने तिला चाटले, हलवले, आणि स्वतः ताडकन उठली. "अहो, नियम तुमचा असेल, पिल्लं माझी आहेत. आम्ही निघालो."

काय ती शिकार, मुलांनो! धाकटी उघड उघड चालत सांबराकडे गेली. सांबर तिच्यावर नजर ठेवून मागे सरकू लागले, आणि मागच्याच गवतात थोरली पोट टेकून पडली होती. मातीत माती मिसळावी तशी ती दिसतच नव्हती. एक झेप, नुसता धुरळा, आणि सांबर आडवे! टेकडीवरून सिंह हे सारे पाहत होता. उभ्या आयुष्यात त्याने शिकार होताना पाहिलीच नव्हती. तो यायचा तो जेवायला.

सवयीने तो पहिला घास घ्यायला पुढे झाला. थोरली आडवी उभी राहिली. "आधी ती." बछडी अडखळत आली आणि खाऊ लागली. सिंह मागे सरकून बसला.

तेवढ्यात कोल्हा आलाच. "वाहवा महाराज! काय सांबर लोळवलंत!"

सिंहाने मान खाली घातली. "मी नाही. हिनं."

"असं कसं?" कोल्हा म्हणाला. "आजवर शिकारी तुमच्या बापजाद्यांनीच केल्या. सगळ्या जुन्या गोष्टींत तसंच सांगितलंय."

"गोष्टी बापजाद्यांनी सांगितल्या," थोरली म्हणाली. "शिकारी आमच्या आज्या-पणज्यांनी केल्या."

तात्पर्य : बायकांना काय जमते, हे त्यांच्या कष्टाचा घास खाणाऱ्याने ठरवू नये, आणि जुनी गोष्ट ऐकताना ती कोणी सांगितली, हे आधी विचारावे.