तीर्थासोबतची गोळी

एकदा एका वृद्ध शल्यविशारदांनी शस्त्रक्रियागृहाच्या ऐन दारातून एका रुग्ण स्त्रीला परत पाठवले, आणि वर तिच्या हातावर पेढा ठेवला!

त्या होत्या वेणूताई. गुडघा पार झिजलेला. पण श्रावणात नव्या सुनेची पहिली मंगळागौर होती आणि झिम्मा खेळायचाच, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून गुडघा बदलायचे ठरले. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या रोज घेत. शस्त्रक्रियेआधी ती ठरल्या दिवसापासून बंद ठेवायला त्यांना बजावले होते.

दारात वेणूताई चाचरत म्हणाल्या, "डॉक्टर, चूक झाली हो. विसरू नये म्हणून गोळी मी देवघरातच ठेवते. काल पूजा झाली, तीर्थ घेतलं, अन् सवयीनं गोळीही तोंडात गेली."

शेजारी उभी असलेली त्यांची तरुण डॉक्टर शिष्या संतापली. "मी सकाळी विचारलं, गोळी बंद आहे ना? तुम्ही हो म्हणालात!"

"तुम्ही घाईत होतात, डॉक्टरीणबाई. अन् मला वाटलं, तारीख गेली की माझा झिम्मा गेला."

गुरू मात्र प्रसन्न हसले. बरे होऊन घरी निघालेल्या एका रुग्णाने दिलेल्या पेढ्यांतला एक त्यांनी वेणूताईंना दिला आणि चार दिवसांनंतरची तारीख सांगितली.

वेणूताई जाताच शिष्येने विचारले, "सर, चुकीला पेढा?"

"ती कबूल केली, त्याला. गोळीचा असर असताना भुलीसाठी पाठीत सुई टोचली असती आणि मणक्यात रक्त साकळलं असतं, तर? नवा गुडघा मिळूनही पाय लुळे पडले असते."

"मग सगळ्यांना महिनाभर आधीच बंद करायला सांगू या."

"आणि त्या महिन्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर? बंद करायची वेळ असते, पुन्हा सुरू करायचीही असते. त्या वेळा आपण ठरवू. पण घरी काय घडलं, हे रुग्णच सांगणार. तो आपल्याला घाबरला, की आपली विद्या आंधळी झाली, बाळ."

चार दिवसांनी शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. वेणूताईंनी चहा मागायच्याही आधी विचारले, "माझी गोळी पुन्हा कधी?" गुरू खळखळून हसले. श्रावणात झिम्मा रंगला, आणि वेणूताईंच्या टाळीला टाळी द्यायला डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या!

आता ती शिष्या रुग्णाशेजारी स्टूल ओढून बसते. 'बंद आहे ना?' असे विचारत नाही. 'शेवटची गोळी कधी घेतलीत?' असे विचारते आणि उत्तराची वाट पाहते. कोटाच्या खिशात एक पेढा असतोच.