शेवाळाच्या पाकिटावरची चिठ्ठी

“म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीचं सांगत आले, असंच ना?”

वासंतीबाईंनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की यशोधनला वाटलं, त्यांना नीट कळलंच नसावं.

शेवाळांचं शास्त्र बाईंनीच त्याला शिकवलं होतं. आता त्यांचीच चूक हाती लागल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. बाईंनी तरुणपणी आंबोलीच्या कड्यावरून आणलेलं ते वाळकं रोपटं तो कागदी पाकिटासकट घेऊन आला होता. पाकिटावर बाईंच्या हातची चिठ्ठी होती : लिव्हरवर्ट, नवी जात. बाईंनी जन्मात नाव दिलेली ही एकच जात.

“हे हॉर्नवर्ट आहे, बाई. शेवाळांचा वेगळाच गट; लिव्हरवर्टला शिंग नसतं. भिजवलं तेव्हा याला शिंग दिसलं.”

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं.

“आहे खरं. इतकुसं आहे, पण आहे.” त्या चक्क हसल्या. “नवी जात म्हटल्यावर माणूस आंधळा होतो बघ.”

यशोधनला एकाएकी फार वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

“बाई, ही जुनी चिठ्ठी मी काढून टाकतो. कुणाला कळायचं नाही.”

“खबरदार. चुकलेलं नाव काढायचं नसतं. त्याच्याखाली नवी चिठ्ठी लावायची. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?”

“पण लोक हसतील…”

“हसू देत की. कोट्यवधी वर्षं ते हॉर्नवर्टच होतं. माझ्या अक्षरानं त्याचं काय बिघडलं?”

यशोधनने नवी चिठ्ठी लिहिली. खरं नाव, तारीख, आणि खाली स्वतःचं नाव, जरा जास्तच ठळक. डिंक लावून ती त्याने पाकिटाच्या अगदी तळाशी धरली.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“तिथे नको. वर घे, माझ्या चिठ्ठीला लागून.”

“का? इथे छान दिसतेय.”

“खाली जागा राहिली पाहिजे.”

“आता कशाला जागा, बाई? आता हे पक्कं झालं.”

“मीही शाईनंच लिहिलं होतं, बाळा. घे वर.”