राहा म्हणणाऱ्या भिंती

"धूर तर सकाळीच गेला. मग या बाईचा दमा का जात नाही?"

आश्रमप्रमुखाच्या घोंगडीवर बसलेल्या माईंनी विचारलं आणि डोळे मिटले.

टेकडीवरच्या आश्रमाला ढग टेकला होता. पडवीत धुरपदा पडून होती. चुलीच्या धुरानं तिचा दमा उसळला होता. पंप घेतल्यावर थोडा उतरला, तरी प्रत्येक श्वासाला छातीत दूर कुठेतरी बासरी वाजत होती. भोवती दम्याचे आणखी रोगी भिंतीला टेकून पेंगत होते.

केतकी माईंची शिष्या. छातीच्या रोगांवर शहरात शिकून परत आलेली. उत्तर तिच्या ओठांवरच होतं.

"धूर आत शिरला की रक्तातले शिपाई छातीत धावून येतात, माई. लढतात. लढाई संपली की त्यांनी मरायचं असतं. मुकाट्यानं."

"मग?"

"जिचा दमा जड, तिच्या छातीत ते मरतच नाहीत. धूर गेला तरी तळ ठोकून बसतात. मग त्यांच्याच हत्यारांनी घर सोलून निघतं."

"बिचारे... राखायलाच आले होते ना?"

"राखायलाच. पण कामापेक्षा जास्त जगले."

"का गं मरत नाहीत?"

"भोवतालच्या भिंतीच त्यांना सांगत राहतात. राहा. जाऊ नका. राहा."

"असं होय..."

ढगाचा एक पदर आत आला, दिव्याभोवती फिरला, विरला. माईंची मान कलली. डुलकी लागली होती.

केतकीच्या कपाळाची शीर उठली. माईंना आता धड दिसत नव्हतं. कुणाला काय औषध दिलं, ते आठवत नव्हतं. सकाळी धुरपदा तडफडत असताना त्या काढाच उकळत बसल्या, आणि पंप पेटीत कुलपाआड; शेवटी केतकीनंच किल्ली मागून तो काढला. तरी आश्रमात शब्द चालायचा तो त्यांचाच.

"माई, एक बोलू?"

"तू कधीपासून विचारून बोलायला लागलीस?"

"तुमचंही काम झालंय. उठा आता त्या घोंगडीवरून. नाहीतर एक दिवस कुणीतरी इथेच जाईल."

पडवीतली पेंग उडाली. "अगं, जीभ आवर!" कुणीतरी म्हणालं.

माई उठल्या. भिंत चाचपत, हळूहळू. कनवटीची किल्ली काढून त्यांनी केतकीच्या हातावर ठेवली. मग घोंगडीकडे बोट केलं.

केतकी गडबडली. "मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल."

"भांडायला दम लागतो. बस."

ती बसली. घोंगडी अजून उबदार होती. बाहेर दरी नव्हती, वाट नव्हती. सगळा आश्रम ढगावर तरंगत होता.

धुरपदानं डोळे उघडले. "ताई, तुम्ही होतात म्हणून वाचले मी. आता कुठं जायचं नाही हं. इथंच राहा."

"हो ताई, राहा," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला.

"राहा..." धुक्यातून आणखी कुणी.

केतकी हसली. तिनं घोंगडी नीट अंगाखाली ओढून घेतली.

दाराशी पोचलेल्या माई थांबल्या.

"ऐकलंस?"