सीतेची वेणी आणि सखोबा

घाटमाथ्यावरच्या एका गावात भिवा नावाचा भोळा गडी आईजवळ राहायचा. अंगाने रेड्यासारखा. सांगितलेलं मुकाट करायचा. तरी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी मोडली तर पंचक्रोशीत मुलगी उरणार नव्हती.

वादळात फणसाची फांदी पडली. तिच्यावर सीतेची वेणी नावाचं रोप होतं, गुलाबी फुलांचे तुरे लोंबणारं. आई म्हणाली, "जपून लाव रे."

भिवाने हातभर खड्डा खणला, शेण घातलं, वेणी पुरली. रोज दोन घागरी पाणी. आठवड्यात ती कुजली.

"अरे, ती मातीत जगत नाही," आई म्हणाली. "झाडाच्या सालीला सुंभाने बांधायची. झाडाचं ती काही खात नाही, नुसता आधार घेते. मुळं मोकळी लोंबतात, हवेतलंच पाणी पितात. ऊन असलं तर वरून थोडं शिंपडावं."

"कळलं," भिवा म्हणाला.

मग आईने मिरचीची रोपं दिली. भिवाने चाळीसच्या चाळीस फणसाला बांधली. दोन दिवसांत वाळली.

"मुडद्या, मिरचीला माती लागते! कोण कशावर जगतं ते आधी विचारावं!"

"कळलं."

मग आईने शेळी आणली. भिवाने विचारलं, "बाई, तू कशावर जगतेस?" शेळी बोलली नाही. भिवाने वैरण घातली नाही. तिसऱ्या दिवशी शेळीने आईचं लुगडं खाल्लं.

"शेळी बोलते का? माणसाला विचारावं. अन् तो सांगेल तसंच करावं!"

"कळलं."

सोमवारी सखोबा आले. मुलीचे वडील. जावई बघायला घाट चढून आलेले. आई दूध आणायला शेजारी गेली होती.

"पाव्हणं, तुम्ही कशावर जगता?" भिवाने विचारलं.

सखोबा रीतीचा माणूस. पहिल्या भेटीत काही मागायचं नसतं. म्हणाले, "माझं काय! मला काही लागत नाही. टेकायला आधार अन् मोकळी हवा मिळाली की झालं." आणि अंगणातल्या बाजेवर आडवे होऊन घोरू लागले.

भिवा सुंभ घेऊन आला.

आई परतली तेव्हा सखोबा बाजेसकट आंब्याच्या खोडाला उभे बांधलेले होते. जमिनीपासून दोन हात वर. पाय मोकळे लोंबत होते. भिवा पाणी शिंपडत होता.

"सोडा मला!" सखोबा ओरडले. "पोरगी जन्मभर घरात ठेवीन, पण इथं देणार नाही!"

आईच्या हातातलं दूध सांडलं.

"आये, घाबरू नको," भिवा म्हणाला. "पोरीची जागा बघून ठेवलीय. त्या वरच्या फांदीला."