भिवराआक्काची नीज

फार वर्षांपूर्वी, करपेवाडीच्या माळावर माणसं थोडी आणि मेंढरं उदंड होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला तर लागू द्या. ही गोष्ट चालू असताना झोपलेल्या माणसाला हलवायचं नसतं. का, ते पुढे कळेलच.

करपेवाडीत भिवराआक्का नावाची सणगरीण राहायची. धनगरांनी मेंढरं कातरायची, त्यांच्या बायकांनी लोकरीचं सूत काढायचं आणि सणगरांनी त्याची घोंगडी विणायची, अशी तिथली रीत. आक्काचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उरला तो माग. दारासमोरच्या खड्ड्यात पाय सोडून ती मागावर बसायची ती दिवस कलेपर्यंत. मान वर केली की समोर माळ दिसायचा, कोरडा ओढा, ओढ्याकाठी एकटं हिवराचं झाड, आणि त्यामागे कुबड्या डोंगर. एका अंगाला पाठ वर काढलेला म्हणून त्याचं नाव कुबड्या. आक्काची पाठही बसून बसून तशीच झाली होती. गावातली पोरं त्यावरून हसायची आणि तीही हसायची, कारण रागवायलाही अंगात त्राण लागतं.

करपेवाडीचं घोंगडं काळंभोर असायचं आणि शेवटाला पांढरी पट्टी, अगदी सरळ. यात काही बदल करावा असं कुणाच्या मनातही येत नसे.

दिवाळी सरली की धनगर मेंढरं घेऊन घाटाकडे निघायचे, ते वळीव पडल्यावरच परतायचे. निघायच्या आधी ज्याला त्याला घोंगडं हवं असायचं. त्या वर्षी धुळा धनगराचं घोंगडं सगळ्यात शेवटी मागावर चढलं. मेंढरं वेशीपाशी गोळा झाली होती आणि आक्काची पांढरी पट्टी तेवढी राहिली होती. ऐन दुपार होती. आक्काला बसल्या बसल्या झोप लागली. डोळे मिटले, पण हात थांबले नाहीत. हातांना तेवढं एकच काम येत होतं, ते त्यांनी चालू ठेवलं.

जागी झाली तेव्हा पट्टी वाकडी झालेली. पांढरा धागा मध्येच मागे फिरला होता, तिथे काळा भरला होता, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पट्टी एका बाजूने चढत गेली होती आणि दुसरीकडे उतरली होती. इतकी वर्षं मागावर बसून अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. उसवायचं तर दुपार जाईल, आणि उसवण्याएवढं बळ तिच्या अंगात नव्हतं. तिने तसंच चिंचोक्याची खळ लावून वाळवलं आणि मान खाली घालून धुळाच्या हाती दिलं.

धुळाने ते दारात उलगडलं. एकदा घोंगड्याकडे बघितलं, एकदा मागे वळून.

“आक्का,” तो म्हणाला, “ह्यो तर आपला कुबड्या हाय.”

धुळाची आई गजराआजी. दर साली घाटात गेली की तिची झोप उडायची. परक्या मुलखात डोंगर दिसतात, पण आपला डोंगर दिसत नाही, असं तिचं म्हणणं. त्या साली धुळाने तिच्या अंगावर हे घोंगडं टाकलं. तिने पट्टीवरून हात फिरवला, डोंगराची चढण बोटांना लागली, आणि ती अशी झोपली की सकाळी मेंढरं पुढे निघाली तरी तिला कळलं नाही. असं म्हणतात की त्या घोंगड्याखाली कण्हणारं माणूस शांत व्हायचं, रडकं पोर गप्प व्हायचं, बाळंतीण निवांत पडायची.

मग काय विचारता. वळीव पडून कळप परतले, ते थेट आक्काच्या दारात. कुणाला कुबड्या हवा होता, कुणाला ओढ्याचं वळण, कुणाला आपल्या मेंढरांच्या वाड्यामागची दरड. आक्का कुणाला नाही म्हणाली नाही. पण ज्याला जे हवं, तिथे ती आधी चालत जायची, दगडावर बसायची, डोळे भरून बघायची आणि मगच मागावर बसायची. लांबच्या एका सरदाराने मोर आणि कमळं विणून मागितली, पालखी पाठवतो म्हणाला. आक्काने निरोप दिला की मोर बघितलाय, पण तो पळून जातो, आणि कमळ काही आमच्या ओढ्यात येत नाही. न बघितलेलं तिच्या हातात उतरतच नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला त्यात सुख होतं. इतकी वर्षं ज्या माळाकडे ती नुसती मान वर करून बघायची, तो आता बोटांतून पुढे सरकायचा. हिवराच्या झाडाला किती वाकडी फांदी आहे, हे विणतानाच तिला कळलं. पण त्या पहिल्या दुपारपासून तिला झोप लागली नव्हती. अंथरुणाला पाठ टेकायची, डोळे मिटायची आणि उघडायची, मग उठून मागावर बसायची. आधी वाटलं उकाडा आहे, मग वाटलं वय झालं. एकेक घोंगडं उतरलं की ती अधिकच थकायची. डोळ्यांखाली काळं पडलं. लोक म्हणायचे, आक्काच्या हाताला काय गुण आहे. आणि पुढचं सूत आणून ठेवायचे.

अशी बरीच सालं गेली. मग एका वळवाला कळप परतले आणि गजराआजी सगळ्यांच्या मागून काठी टेकत आक्काच्या दारात आली. तिला घोंगडं नको होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि आक्काच्या तोंडाकडे बघत राहिली.

“भिवरे,” ती म्हणाली, “तुला नीज लागती का गं?”

आक्काचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि मागावरच्या पट्टीवर पडलं.

“मला वाटलंच,” गजराआजी म्हणाली. “माझ्या घोंगड्यात एवढी नीज हाय, ती माझी न्हवंच. त्या दुपारी तू झोपंत इनलंस, तवाच ती त्यात गेली. आन् मग समद्यांनी थोडी थोडी नेली.”

आजीने खांद्यावरचं घोंगडं काढलं. वर्षानुवर्षं वापरून ते विटलं होतं, पण कुबड्या तसाच होता. तिने आक्काला हाताला धरून खड्ड्यातून वर घेतलं, भुईवर निजवलं आणि ते अंगावर घातलं. आक्काच्या पापण्या जरा जड झाल्या, पण मिटेनात. एकाने काय होणार? मग आजीने धुळाला वाड्यावाड्यावर धाडलं. माणसं येऊ लागली. कुणी ओढा आणला, कुणी दरड, कुणी हिवराचं झाड. एकावर एक घालत गेले. सगळा माळ तिच्या अंगावर आला, तेव्हा कुठे भिवराआक्काने एक लांब श्वास सोडला आणि ती झोपली.

ती उठली नाही. श्वास चालू होता, ओठावर हसू होतं, पण ती उठली नाही. पाऊस आला आणि गेला. दिवाळी सरली, घाटाकडे निघायची वेळ झाली. थंडीचे दिवस, उघड्यावरचा मुक्काम, आणि सगळी घोंगडी आक्काच्या अंगावर. धुळा दारापर्यंत आला, आत बघितलं आणि तसाच माघारी फिरला. त्या साली करपेवाडीचे धनगर घोंगड्यांवाचून घाटात गेले. मेंढरांना बिलगून, कुडकुडत त्यांनी हिवाळा काढला. माझं घोंगडं द्या, असं एकानेही म्हटलं नाही.

ते परतले तेव्हा आक्काच्या घरात घोंगड्यांच्या घड्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. आक्का नव्हती. असं म्हणतात की लोकांनी घड्या उलगडल्या, तर प्रत्येक पट्टीत एक नवी बारीक पांढरी रेघ होती. कुठे डोंगराच्या पायथ्याशी, कुठे ओढ्याच्या काठाशी, कुठे झाडाच्या सावलीत. कुशीवर निजलेल्या बाईसारखी.

करपेवाडीत अजूनही मागावरून घोंगडं उतरलं की ते मालकाला लगेच मिळत नाही. आधी ते विणणाऱ्याच्या अंगावर घालतात. त्या वेळी गावातले सगळे माग बंद असतात, कुत्रीसुद्धा लांब बांधतात. ज्याचं घोंगडं असतं तो दाराबाहेर बसून राहतो. विणणारा आपणहून जागा झाला की मालक आत जातो आणि घोंगड्याला हात लावायच्या आधी विचारतो, “नीज लागली का?” लागली म्हटलं तरच घोंगडं उचलतो. नाही म्हटलं तर पुन्हा पांघरूण घालतो आणि बाहेर येऊन बसतो.